ग्रंथपाल परिषदेला जाताय? आधी हा हिशेब मांडा

परिषदेचं पत्रक बॅचच्या व्हॉट्सअॅप गटात पडलं की पहिला प्रश्न ठरलेला: 'फी किती आहे?' त्यावरच जायचं की नाही ते ठरतं. पण नोंदणी शुल्क हा तुमच्या एकूण खर्चातला लहान भाग असतो. मोठे आकडे पत्रकात छापलेले नसतात. ते प्रवासात, मुक्कामात, 'निबंध प्रकाशन' या ओळीत आणि तुमच्या स्वतःच्या रजेत असतात. बी.लिब., एम.लिब. झालेले बरेच जण सार्वजनिक ग्रंथालयांत तुटपुंज्या पगारावर, शाळांत अर्धवेळ किंवा महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर काम करतात. त्यांच्यासाठी दहा हजार रुपये ही मोठी रक्कम आहे. ती कुठे वाचते आणि कुठे उगाच जाते, ते पुढे वाचा.

परिषद कोणाची आहे?

हे आधी बघा, कारण दर, प्रमाणपत्राचं वजन आणि निवासाची सोय त्यावर ठरते. महाराष्ट्रात ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात. एक, राज्य ग्रंथालय संघ, विभागीय संघ आणि जिल्हा संघ यांची अधिवेशनं. १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली चालणाऱ्या अ, ब, क, ड वर्गांतल्या ग्रंथालयांचे कार्यकर्ते आणि कर्मचारी इथे जमतात. अनुदान, वेतनश्रेणी, दर्जावाढ हे इथले विषय. शुल्क कमी, जेवण साधं, निवास बहुधा सामूहिक. दोन, महाविद्यालयानं किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयशास्त्र विभागानं भरवलेली राज्यस्तरीय किंवा राष्ट्रीय परिषद. इथे निबंध, सत्रं, प्रमाणपत्रं असतात आणि शुल्क साधारण पाचशे ते दोन हजारांच्या घरात असतं. तीन, देशपातळीवरच्या संस्थांची संमेलनं, उदाहरणार्थ गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं 'कॅलिबर' किंवा डेलनेटचं 'नॅक्लिन'. इथे शुल्क काही हजारांत जातं आणि ठिकाण दरवेळी बदलतं.

सार्वजनिक ग्रंथालयात काम करत असाल तर पहिल्या प्रकाराला आधी जा. तुमचे प्रश्न तिथेच मांडले जातात. महाविद्यालयीन ग्रंथपालांनी दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारात निवड करावी, पण गुणांच्या आशेनं नव्हे. त्याचं कारण पुढे निबंधाच्या भागात येतं.

बहुतेक परिषदा दिवाळीनंतर फेब्रुवारीअखेरपर्यंत होतात. एकदिवसीय कार्यक्रम १२ ऑगस्टच्या आसपास, म्हणजे डॉ. रंगनाथन यांच्या जयंतीला आणि ग्रंथपाल दिनाला, पुष्कळ असतात. तुमच्याच जिल्ह्यात असा कार्यक्रम होत असेल तर मुक्कामाचा खर्च पूर्ण वाचतो. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी तिथूनच सुरुवात करावी.

नोंदणी: कोणता दर तुमचा?

पत्रकात सहसा चार-पाच दर असतात: सदस्य, बिगरसदस्य, संशोधक विद्यार्थी, विद्यार्थी आणि सोबत येणारी व्यक्ती. लवकर नोंदणीचा दर वेगळा आणि जागेवर नोंदणीचा वेगळा. जागेवरची नोंदणी सर्वांत महाग पडते. शिवाय तिथे किट संपलेलं असतं आणि जेवणाचं कूपन मिळेलच असं नाही. मुदतीच्या आत नोंदवा.

पदवी घेतली पण नोकरी नाही, अशांनी आयोजकांना फोन करून विद्यार्थी दर मागावा. पत्रकात तो तुमच्यासाठी लिहिलेला नसतो, पण मागितला की बरेचदा मिळतो. त्यासाठी शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका आणि विभागप्रमुखांचं दोन ओळींचं पत्र जवळ ठेवा. पीएच.डी. करत असाल तर चालू वर्षाचं बोनाफाईड लागेल. मागच्या वर्षीचं चालत नाही.

सदस्य दरासाठी त्या वेळी संघटनेचं आजीव सदस्यत्व घ्यायची घाई करू नका. परिषदेच्या सवलतीतून सदस्यत्वाची रक्कम भरून निघायला किती वर्षं लागतील, तेवढा भागाकार करा. संघटना तुमच्या विभागातली असेल आणि तुम्ही दरवर्षी जाणार असाल तर घ्या. एरवी बिगरसदस्य दरच स्वस्त पडतो.

पैसे भरण्याआधी एक फोन करा आणि हे विचारून घ्या: शुल्कात किती जेवणं येतात? आदल्या रात्रीचं जेवण आहे का? निवास धरला आहे का, असल्यास एका खोलीत किती जण? जीएसटी वेगळा आहे का? काही आयोजक १८ टक्के जीएसटी वर लावतात, म्हणजे दीड हजाराचे सतराशे सत्तर होतात. परिषद पुढे ढकलली तर पैसे परत मिळतात का, की नोंदणी नव्या तारखेला चालते? तुमच्याऐवजी सहकारी आला तर चालेल का? उत्तरं फोनवर ऐकून सोडू नका, तीच व्हॉट्सअॅपवर लिहून मागा.

शुल्क क्यूआर कोडनं भरत असाल तर 'पे' दाबण्याआधी पडद्यावर आलेलं नाव वाचा. तिथे महाविद्यालयाचं, विद्यापीठाचं किंवा संघाचं नाव दिसायला हवं. एखाद्या प्राध्यापकाचं वैयक्तिक नाव आलं तर थांबा आणि संस्थेचा खाते क्रमांक मागा. यामागे दरवेळी फसवणूक असते असं नाही, बरेचदा केवळ सोय म्हणून तसं केलेलं असतं. पण वैयक्तिक खात्यात भरलेल्या पैशांची पावती तुमचं कार्यालय मान्य करत नाही आणि परताव्याच्या वेळी दाद मागायला जागा उरत नाही. यूपीआयवर किंवा रुपे डेबिट कार्डवर वेगळा आकार लागत नाही. लावला असेल तर विचारा.

नोंदणी अर्जात नाव लिहिताना सेवापुस्तकात जसं आहे तसंच लिहा. लग्नानंतर नाव बदललेल्या भगिनींनी याकडे नीट लक्ष द्यावं. पदवीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं आणि प्रमाणपत्रावर तिसरंच, असं झालं की पदोन्नतीच्या वेळी प्रतिज्ञापत्र, नोटरी आणि हेलपाटे लागतात. अर्जातलं नाव जसंच्या तसं प्रमाणपत्रावर छापलं जातं. इंग्रजी स्पेलिंगही तपासा.

निबंध वाचायचा असेल तर

सर्वांत जास्त पैसे इथे जातात, आणि तेही न लागणारे.

पत्रकात 'आयएसबीएनसह पुस्तक', 'आयएसएसएन नियतकालिकात प्रकाशन' अशी ओळ असते आणि पुढे आठशे, बाराशे, दोन हजार असा आकडा. लक्षात ठेवा: भारतात आयएसबीएन मोफत मिळतो. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली राजा राममोहन राय यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था तो देते. आयएसएसएन क्रमांकही दिल्लीतल्या राष्ट्रीय केंद्राकडून विनाशुल्क मिळतो. छपाईला खर्च येतो हे खरं, आणि त्यासाठी वाजवी रक्कम मागणं गैर नाही. पण 'क्रमांकाचे पैसे' असं कुणी सांगितलं तर ते देऊ नका. आपण ग्रंथालयशास्त्राचे पदवीधर आहोत. हे क्रमांक कशासाठी असतात हे आपण वर्गात शिकलो आहोत. आपल्याच परिषदांत आपल्याच माणसांकडून या नावाखाली पैसे घेतले जाऊ नयेत, असं मला मनापासून वाटतं.

'यूजीसी-केअर यादीतलं नियतकालिक' असं आजही कुणी छापत असेल तर दोनदा विचार करा. ती यादी विद्यापीठ अनुदान आयोगानं (यूजीसी) फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. बंद झालेल्या यादीच्या नावावर जादा शुल्क घेणाऱ्याकडे निबंध देऊ नका.

आता गुणांचं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत निबंधसादरीकरणाला राज्य किंवा विद्यापीठ पातळीवर २, राष्ट्रीय पातळीवर ३, देशातच झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ५ आणि परदेशातल्या परिषदेत ७ गुण आहेत. त्याच तक्त्यात एक अट आहे: निबंध सादर केला आणि तोच परिषदेच्या ग्रंथात पूर्ण छापून आला, तरी गुण एकदाच धरले जातात. म्हणजे सादरीकरणाचे गुण मिळाल्यावर त्याच ग्रंथात छापण्यासाठी भरलेल्या हजार रुपयांतून एकही गुण वाढत नाही. सार्वजनिक आणि शालेय ग्रंथालयांतल्यांना तर या गुणांचा काहीच उपयोग नाही. 'सर्टिफिकेट उपयोगी पडेल' या सबबीवर त्यांनी प्रकाशनाचे पैसे मुळीच भरू नयेत.

सहलेखक असतील तर प्रत्येकाची वेगळी नोंदणी मागितली जाते. दोघांनी मिळून एक निबंध लिहिला की दोन शुल्कं. तिसरं नाव केवळ मैत्रीखातर घालत असाल तर त्या नावाचीही किंमत मोजावी लागेल. गैरहजेरीत सादरीकरणाचं प्रमाणपत्र विकणारी परिषद टाळा. तिथे हजर राहणाऱ्यांच्या प्रमाणपत्राचंही मोल उतरतं.

वाङ्मयचौर्य तपासणीचा अहवाल बहुतेक ठिकाणी लागतो. आयोगाच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. त्याच्या वर गेलं की पायऱ्या सुरू होतात. बाहेरची केंद्रं एका अहवालाचे शंभर ते पाचशे रुपये घेतात. तुमच्या जुन्या विभागाला विचारा. विद्यापीठांना इन्फ्लिबनेटच्या 'शोधशुद्धी' योजनेतून ही प्रणाली विनाशुल्क मिळते. माजी विद्यार्थ्याचा एक निबंध तपासून द्यायला विभागातले लोक सहसा नाही म्हणत नाहीत. मात्र शेवटच्या दिवशी मागू नका.

मराठीत निबंध देणार असाल तर फाँट आधी विचारा. काही आयोजक आजही श्रीलिपी किंवा जुन्या डीव्ही-टीटी सुरेखमध्ये फाइल मागतात, कारण त्यांचा छापखाना तसा चालतो. तुम्ही युनिकोडमध्ये टाइप केलेलं असतं. मग डीटीपीवाल्याकडे पानाला तीस-चाळीस रुपये देऊन पुन्हा टाइप करावं लागतं, किंवा कन्व्हर्टर वापरावा लागतो. कन्व्हर्टरमधून काढलेली फाइल तशीच पाठवू नका. रफार पुढच्या अक्षरावर सरकतो, 'ऱ्य' फुटतो, 'ॲ'च्या जागी चौकोन येतो आणि इंग्रजी संदर्भसूचीची तर अक्षरंच बदलतात. 'वर्गीकरण' हा शब्द प्रत्येक पानावर येणाऱ्या निबंधात तोच शब्द प्रत्येक पानावर चुकीचा छापला जातो. शक्य तिथे युनिकोडचाच आग्रह धरा आणि सोबत पीडीएफ जोडा.

परिषदेच्या आदल्या दिवशी कार्यशाळा असते, तिचं शुल्क वेगळं. कोहा किंवा डीस्पेसची कार्यशाळा असेल तर प्रशिक्षणाचे पैसे द्यायला हरकत नाही. या दोन्ही प्रणाली मुक्त आहेत, त्यामुळे सॉफ्टवेअरच्या नावाखाली रक्कम मागितली तर देऊ नका. लॅपटॉप स्वतःचा न्यायचा आहे का, हेही विचारा.

परवानगी आधी, पैसे नंतर

हा क्रम उलटा केला की रजा खिशातून जाते. महाविद्यालयीन ग्रंथपालांना आयोगाच्या नियमांप्रमाणे परिषदेसाठी कर्तव्य रजा घेता येते. वर्षाला कमाल ३० दिवस, आणि पूर्वपरवानगीनं. परिषदेचं पत्रक, निबंध स्वीकारल्याचं पत्र आणि अर्ज असा संच किमान पंधरा दिवस आधी प्राचार्यांकडे द्या. अर्जात 'प्रवासाच्या दिवसांसह' हे शब्द घाला. नाहीतर परिषदेचे दोन दिवस कर्तव्य रजा आणि येण्याजाण्याचे दोन दिवस किरकोळ रजा, असं होतं. त्याच अर्जात नोंदणी शुल्क आणि प्रवासखर्च संस्था देणार का, हे स्पष्ट मागा. 'बघू' हे उत्तर मान्य करू नका, शेरा घ्या.

शाळेतल्यांनी मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्यावी. सार्वजनिक ग्रंथालयातल्यांनी कार्यवाहांकडे अर्ज करून तो कार्यकारी मंडळाच्या बैठकीत मांडून घ्यावा. ठराव झाला तर शुल्क आणि एसटीचं भाडं ग्रंथालयाच्या खर्चात दाखवता येतं आणि लेखापरीक्षणात प्रश्न येत नाही. ठरावाविना केलेला खर्च मात्र बहुधा तुमच्याच अंगावर येतो. लहान ग्रंथालयांत बैठक महिन्या-दोन महिन्यांनी होते, म्हणून पत्रक आलं त्याच आठवड्यात अर्ज द्या.

जाताना सोबत न्यायचे कागद: परवानगीपत्राची प्रत, नोंदणीची पावती छापलेली, आधार, दोन फोटो, निबंधाच्या दोन प्रती, सादरीकरण पेनड्राइव्हवर आणि मेलवरही. वक्ते किंवा सत्राध्यक्ष म्हणून बोलावलं असेल तर पॅनची प्रत आणि रद्द केलेला धनादेशही न्या. मानधन आणि प्रवासखर्च त्यावरच निघतो. तो कधी मिळणार, हे तिथेच विचारा.

प्रवास

विभागातल्या विभागात जायचं असेल, उदाहरणार्थ वाशीमहून अमरावतीला किंवा जालन्याहून नांदेडला, तर एसटीचा हिशेब आधी करा. महिलांना एसटीच्या सर्व गाड्यांत अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं, आणि ७५ पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत. ज्येष्ठांनी आधार जवळ ठेवावं. ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती आहे. पणजी, बेळगाव किंवा हैदराबादला जाणाऱ्या गाडीत हद्दीपुढचं भाडं पूर्ण द्यावं लागतं. खासगी बसला यातलं काहीच लागू नाही. शिवाय सुट्ट्या आणि लग्नसराई आली की तिचे दर दुप्पट होतात.

निवृत्त माजी विद्यार्थ्यांनी रेल्वेत ज्येष्ठांची सवलत धरून हिशेब करू नये. ती मार्च २०२० पासून बंद आहे.

रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. पूर्वीचे १२० दिवस डोक्यात ठेवू नका. पुणे-नागपूर, मुंबई-नागपूर या मार्गांवर शुक्रवारी आणि रविवारी जागा लवकर संपतात, आणि परिषदा नेमक्या शुक्रवार-शनिवारी असतात. मुंबईहून विदर्भ एक्सप्रेस, पुण्याहून महाराष्ट्र किंवा आझाद हिंद एक्सप्रेस, अमरावतीसाठी मुंबईहून अंबा एक्सप्रेस, असे पर्याय आधीच लिहून ठेवा. संकेतस्थळावर यूपीआयनं पैसे भरले तर बिगरवातानुकूलित तिकिटामागे १० आणि वातानुकूलितमागे २० रुपये अधिक जीएसटी असा सेवाकर लागतो. कार्डानं भरलं तर तोच १५ आणि ३० होतो. तिकीट एकत्र काढा. सेवाकर तिकिटामागे आहे, माणसामागे नाही.

तत्काळवर विसंबू नका. आता त्यासाठी खातं आधारशी जोडलेलं लागतं आणि पक्कं झालेलं तत्काळ तिकीट रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत. परिषदा पुढे ढकलल्या जातात. निवडणुकीची आचारसंहिता, विद्यापीठाच्या परीक्षा, महाविद्यालयाची इमारत मतदान केंद्राला देणं, अशी कारणं दरवर्षी असतात. अंतिम कार्यक्रमपत्रिका हाती आल्याशिवाय विमानाचं किंवा परतावा न मिळणारं तिकीट काढू नका.

परतीचं तिकीट काढताना समारोपाची वेळ बघा. उपस्थिती प्रमाणपत्र बहुतेक ठिकाणी समारोपानंतरच वाटतात. पत्रकात समारोप चार वाजता असतो, प्रत्यक्षात पाहुण्यांची भाषणं संपेपर्यंत साडेपाच होतात, आणि मग एका टेबलाभोवती दोन-अडीचशे माणसं आपलं नाव शोधत उभी राहतात. पाचची गाडी धरणाऱ्याचं प्रमाणपत्र मागे राहतं आणि नंतर कुरिअरचे पैसे भरून मागवावं लागतं. रात्री आठनंतरची गाडी घ्या. ते जमतच नसेल तर सकाळीच संयोजकांना लेखी कळवून बॅचमधल्या एकाला प्रमाणपत्र घेण्याचा अधिकार द्या.

मुक्काम

परिषदेचं ठिकाण शहरापासून किती लांब आहे, हे नकाशावर बघा. नवी महाविद्यालयं गावाबाहेर आठ-दहा किलोमीटरवर असतात. स्टेशनजवळ स्वस्त खोली घेतली तर रोज रिक्षाला तेवढेच पैसे जातात. आयोजकांची बस असेल तर ती कुठून आणि किती वाजता सुटते, ते विचारा.

विद्यापीठाचं अतिथीगृह हा सर्वांत चांगला पर्याय, पण त्याला विभागप्रमुखांच्या शिफारशीचं पत्र लागतं आणि जागा थोड्या असतात. पंढरपूर, तुळजापूर, शिर्डी अशा ठिकाणी किंवा त्यांच्या जवळ परिषद असेल तर देवस्थानांचे भक्तनिवास स्वच्छ आणि स्वस्त पडतात. फक्त यात्रेच्या तारखा टाळा. नागपूरला डिसेंबरमध्ये जाणार असाल तर विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या तारखा आधी तपासा. त्या काळात खोल्या मिळत नाहीत, मिळाल्या तर महाग मिळतात. गोव्यात हीच स्थिती नाताळच्या आठवड्यात असते.

हॉटेलचं भाडं रात्रीला साडेसात हजारांपर्यंत असेल तर सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटी ५ टक्के आहे. बिलात १२ टक्के लावलेले दिसले तर दाखवून द्या. सकाळी सहाला पोहोचणार असाल तर खोली कधी ताब्यात मिळेल ते विचारा. दुपारी बाराचा नियम असेल तर अर्ध्या दिवसाचं जादा भाडं मागतात. अशा वेळी स्टेशनवरच्या प्रतीक्षालयात आवरून थेट परिषदेला जाणं परवडतं.

एकट्याचा खर्च, बॅचचा खर्च

समजा, तुम्ही पुण्याहून नागपूरला दोन दिवसांच्या परिषदेला एकटे जाताय. नोंदणी १,२००. थ्री एसीचं येणंजाणं २,६०० आणि त्यावरचा सेवाकर ४७. अठराशेची खोली दोन रात्री, करासह ३,७८०. रिक्षा ६००. रात्रीची जेवणं आणि चहापाणी ८००. निबंध प्रकाशन आणि पुस्तकाचं कुरिअर मिळून १,०००. बेरीज १०,०२७ रुपये. यात नोंदणी जेमतेम बारा टक्के आहे.

हेच बॅचमधल्या तिघाचौघांनी मिळून केलं तर? स्लीपरचं येणंजाणं हजाराच्या आसपास. दोघांत एक खोली म्हणजे प्रत्येकी १,८९०. तिघांत एक रिक्षा म्हणजे २००. जेवणाचे ८००, नोंदणीचे १,२००. प्रकाशनाची रक्कम वगळली. बेरीज ५,१००च्या आत-बाहेर. खर्च निम्म्यावर आला आणि परिषदेतलं काहीही चुकलं नाही. शुल्काचे दर आयोजकांगणिक बदलतील, पण हे प्रमाण फारसं बदलत नाही.

म्हणून माजी विद्यार्थी म्हणून एकत्र जा. त्यासाठी स्वतंत्र संघटना नसली तरी चालते, एक माणूस पुरतो. त्यानं पत्रक आल्याबरोबर नावं घ्यायची, आयोजकांकडे गटनोंदणीचा दर मागायचा, तिकीट एकत्र काढायचं आणि खोल्या वाटायच्या. परिषद ज्या गावात आहे तिथे तुमच्या विभागातून शिकून गेलेलं कुणीतरी नोकरीला असतंच. विभागाच्या कार्यालयातून त्यांचं नाव मिळेल. खोलीचा खरा दर, जवळची खानावळ, बसची वेळ हे पत्रकापेक्षा त्यांच्याकडून नीट कळतं.

परिषदेच्या संध्याकाळी माजी विद्यार्थ्यांचा स्नेहमेळावा ठेवला की वर्गणीचा विषय निघतो. सभागृह, जेवण, निवृत्त गुरुजनांचा सत्कार, शाली, समूहछायाचित्र, स्मरणिकेतली जाहिरात. प्रत्येक गोष्ट लहान, पण बेरीज दोन हजारांवर जाते. जायच्या आधीच माणशी एक रक्कम ठरवा आणि त्यापुढे जाऊ नका. ज्यांना पगारच कमी आहे त्यांच्याकडून कमी घ्या, आणि ते गटात जाहीर करू नका. सत्काराला शाल नसली तरी चालेल. सरांना आणि बाईंना न्यायला-आणायला गाडी मात्र हवी. सत्तरी ओलांडलेल्या माणसांना रिक्षा शोधायला लावू नका.

विभागाच्या माजी विद्यार्थी संघाला देणगी देत असाल तर संघ नोंदणीकृत आहे का आणि ८०जीची मान्यता आहे का, ते विचारा. मान्यता असली तरी २,०००पेक्षा जास्त रोख दिली तर वजावट मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत असाल तर ती मिळतच नाही. परिषदेचं नोंदणी शुल्क ही देणगी नव्हे. त्यावर ८०जीची पावती देतो असं कुणी म्हणालं तर घेऊ नका.

नोकरीच्या शोधात असलेल्यांनी या मेळाव्याला थांबावंच. कुठल्या महाविद्यालयात जागा निघते आहे, कुठल्या शाळेत अर्धवेळ पद पूर्णवेळ होणार आहे, हे जाहिरातीच्या आधी इथे कळतं. बायोडाटाच्या दहा प्रती न्या. एका पानाचाच असू द्या, त्यावर कोहा, सोल किंवा स्लिम या ग्रंथालय प्रणालींपैकी कशावर प्रत्यक्ष काम केलंय ते वरच्या भागात लिहा.

परत आल्यावर

आठ दिवसांच्या आत देयक सादर करा. सोबत परवानगीपत्र, उपस्थिती प्रमाणपत्र, नोंदणीची पावती, तिकिटं आणि हॉटेलचं बिल जोडा. पावतीवर क्रमांक, तारीख, संस्थेचं नाव आणि शिक्का आहे ना, हे तिथून निघतानाच बघा. हॉटेलचं बिल गटातल्या एकाच्याच नावावर निघालं असेल तर बाकीच्यांना परतावा मिळत नाही. प्रत्येकाच्या वाट्याचं वेगळं बिल काउंटरवर मागा. ते निघताना मिळतं, नंतर फोनवर मिळत नाही. परिषद फेब्रुवारी-मार्चमधली असेल तर ३१ मार्चच्या आत देयक मंजूर करून घ्या. पुढच्या आर्थिक वर्षात गेलेलं देयक महिनोन् महिने अडकतं.

प्रमाणपत्र त्याच दिवशी स्कॅन करा. नाव, तारीख किंवा निबंधाचं शीर्षक चुकलं असेल तर आठवड्याच्या आत आयोजकांना मेल करा आणि सोबत नोंदणी अर्जाची प्रत जोडा. संयोजन समिती महिन्याभरात पांगते आणि कोऱ्या प्रमाणपत्रांचा गठ्ठा कुणाकडे आहे हेही मग कळत नाही. ज्या ग्रंथात निबंध छापून येणार असं सांगितलं होतं, तो तीन महिन्यांत आला नाही तर पावतीचा क्रमांक देऊन लेखी विचारणा करा. मेल संयोजकांना पाठवा आणि प्रत प्राचार्यांना किंवा विभागप्रमुखांना द्या.